मधली खोली

"या घरात चाकू जागेवर सापडेल तर शपथ!"

ओट्याचा खण ओढून, खडखडवून, त्याने परत आपटला. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर नळाखाली कप विसळत होती. चाकू तिला दिसत होता. ताटल्यांच्या मागे, ओल्या फडक्याखाली त्याची मूठ तेवढी बाहेर डोकावत होती. पण तो तिला म्हणाला नव्हता. तो खणाला म्हणाला होता, तेव्हा उत्तर द्यायचं की नाही ते खण बघून घेईल. एरवी अशा वेळी मधल्या खोलीतून आवाज यायचा, "आई, बाबांना चाकू हवाय गं", आणि मग ती चाकू त्याच्या हाताजवळ ओट्यावर ठेवायची. द्यायची नाही, ठेवायची. आज आवाज आला नाही. तिने नळ बंद केला. तोही खणावर हात ठेवून तसाच उभा राहिला. श्वासभरच गेला असेल, पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण दोघंही कान देऊन उभे आहोत, आणि मधल्या खोलीत तापाने फणफणलेली पोर अंगावर दोन पांघरुणं घेऊन पडली आहे. त्याने सफरचंद कापायचा नाद सोडला, अख्खं सफरचंद खिशात कोंबलं आणि तिच्या बाजूने अंग चोरून बाहेर गेला. इतक्या अरुंद स्वयंपाकघरात एकमेकांना धक्का न लावता वावरायचं म्हणजे कसरतच, पण दोघांनाही ती आता झोपेतसुद्धा जमली असती.

घर तीन खोल्यांचं, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखं. पुढची खोली त्याची, तिथे सोफा आणि त्याची हत्यारांची पेटी. मागची तिची, स्वयंपाकघराला लागून, खिडकीपाशी तिचं कामाचं टेबल. मधली मुलीची. असं कुणी ठरवून वाटून घेतलं नव्हतं. भांडण झालं त्या आठवड्यात तो पुढे झोपायला लागला, आठवड्याचा महिना झाला, आणि मग पुढच्या खोलीचं कपाट हळूहळू त्याच्या शर्टांनी भरलं. मुलीला तेव्हा मधली खोली मिळाली म्हणून आनंदच झाला होता. आठवीत होती. आता दहावीत गेली तरी ती मधल्याच खोलीत. इकडून तिकडे सारखी पळायची म्हणून लहानपणी बापाने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. तेव्हा ती उगाचच पळायची. आता पळायला कामं होती.

भांडण. त्याला भांडण म्हणायचं तर म्हणायचं. तिच्या वडिलांचं शेवटचं होतं. फोन आला तेव्हा ती चपला घालून दारात उभी राहिली, आणि नवरा गाडी घेऊन येतोच म्हणाला होता. तो लिफ्टा दुरुस्त करतो. त्या दिवशी कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती, आत एक पोटुशी बाई होती, आणि तो येतोच येतोच म्हणत तिला बाहेर काढत बसला. ती दारात उभी. शेजारची येऊन विचारून गेली, "अजून निघाला नाहीत?" ती म्हणाली, निघतोच आहोत. शेवटी पोचले तेव्हा वडिलांच्या तोंडावरून पांढरी चादर ओढून झाली होती. परतताना गाडीत तो एकदाच म्हणाला, "आत माणूस अडकलं होतं गं." ती म्हणाली, "माझंही माणूस अडकलं होतं." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि खऱ्या होत्या म्हणूनच त्यांच्यावर काही इलाज चालला नाही. खोट्या बोलण्याची माफी मागता येते. खऱ्याची कशी मागणार? घरी आल्यावर ती बोलली नाही. तोही नाही. आधी वाटलं, उद्या बोलू. उद्या त्याला वाटलं असणार, तिने आधी बोलावं. मग भिंगरी मध्ये आली. "आई, बाबा विचारतात चहा आहे का." आहे म्हणावं. इतकं सोपं निघालं ते, की दोघांनाही त्यात बरं वाटायला लागलं. न बोलता संसार चालतो हे आधी कुणी सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. पाहुणे आले की भिंगरी एवढ्या गप्पा मारायची की आईबापांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. एक भिंगरीची मावशी, तिची मोठी बहीण, तेवढी पक्की. ती फोनवर म्हणायची, "काय गं, तुमच्या वकिलीणबाई कशा आहेत? दोन्ही पक्षांची फी घेते का एकाच पक्षाची?" ती हसायची. त्यात हसण्यासारखं काय आहे हे तिला अलीकडे आठवेनासं झालं होतं.

आणि आता साथ आली होती. भिंगरीच्या शाळेत अर्धे बाक रिकामे. परवा ती दुपारीच घरी आली, दप्तर दारातच टाकलं, आणि म्हणाली, "आई, मला ना, केस दुखताहेत." केस! कपाळाला हात लावला तर तवा. संध्याकाळी तिने पोरीला गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हाताऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, गिऱ्हाइकांच्या गर्दीने कावलेल्या. "व्हायरल आहे. घरोघरी हेच. ताप चढेल, उतरेल, परत चढेल. दर वेळी माझ्याकडे पळत येऊ नका. ही गोळी, पण दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर हवं, ते मोडायचं नाही. ताप आहे म्हणून भराभर गोळ्या कोंबायच्या नाहीत. पाणी पाजा, झोपू द्या." परतताना पोर तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून चालत होती. जिन्यात ती पोरीला म्हणाली, "बाबा आले की सांग हं त्यांना, डॉक्टर काय म्हणाल्या ते." पोर "हो" म्हणाली. आजारी पोरीच्या हाती तिच्याच आजाराचा निरोप दिला होता. त्या वेळी तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

रजा मिळाली नव्हती, पण काम घरी आणायची परवानगी मिळाली होती. ती दातांच्या लॅबमध्ये काम करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यावरून ती कवळ्या बसवते. कुठे शिकली नव्हती, बघून बघून शिकली, आणि आता मालकाला तिच्याशिवाय पुढचे दात कुणी लावलेले चालत नाहीत. पुढच्या दातांत खोटेपणा लगेच दिसतो, म्हणून. तर आता खिडकीजवळच्या टेबलावर प्लास्टरची तोंडं ओळीने मांडलेली होती, वासलेली, जीभ नसलेली, आणि स्पिरिटच्या दिव्यावर मेणाची सुरी तापवून ती एकेक दात मेणात रोवत होती. दिव्याची निळी ज्योत, मेणाचा गोडसर वास. मध्येच उठायचं, मधल्या खोलीत जायचं, कपाळावरचं फडकं बदलायचं, दोन घोट पाणी पाजायचं, परत यायचं. मेण तेवढ्यात गार झालेलं असायचं. भिंगरी बरी असती तर दारातून डोकावून म्हणाली असती, "आई, तुझे सगळे आजोबा हसताहेत गं माझ्याकडे बघून." ती आज तसं काही म्हणाली नाही म्हणून आजोबा जास्तच हसल्यासारखे दिसत होते.

दुपार चढली तसा ताप चढला. वेळेवर गोळी दिली होती, घाम फुटायला हवा होता. तो फुटला, पण पोर ओकली. नुसतं पाणी आणि कडू. तिने तोंड पुसलं, उशीचा अभ्रा बदलला. पोर डोळे मिटून पडली, ओठ हलत होते. आधी तिला वाटलं पाणी मागतेय. कान जवळ नेला.

"आई," भिंगरी म्हणत होती, डोळे मिटूनच, जरा लाडात, "बाबा म्हणाले, भाजी मस्त झाली होती." मग थोडं थांबून, दुसऱ्या बाजूला मान वळवून, "बाबा, आई म्हणाली उशीर झाला तरी काळजी करू नका, जेवण झाकून ठेवीन." परत मान या बाजूला. "आई, बाबा म्हणाले, तू दमतेस." परत त्या बाजूला.

उशीवर ती मान इकडून तिकडे, इकडून तिकडे. तिने ती हातांनी धरली. आधी तिला नुसती भीती वाटली, पोर वातात बडबडतेय. मग हळूहळू शब्द आत उतरले. जेवण झाकून ठेवीन असं ती कधी म्हणाली होती? ती म्हणाली होती, "सांग त्यांना, दहानंतर आलात तर मी उठणार नाही, घ्या म्हणावं आपलं आपण." आणि मस्त? या माणसाच्या तोंडात जन्मात कधी मस्त हा शब्द आला नव्हता. लग्नात तिला पाहून त्याने मित्राला सांगितलं होतं, "बरी आहे." घर आवडलं तेव्हा म्हणाला होता, "चालेल." त्याच्या कौतुकाची मजल तिथेच संपायची. मग गेली दोन वर्षं ते मस्त, ते तू दमतेस, तो वाढदिवसाला दारातून आलेला निरोप, "बाबा म्हणाले, निळी साडी तुला खुलते", हे सगळं कुणाचं होतं? दुसऱ्याच दिवशी तिने ती निळी साडी परत नेसली होती. मुद्दाम. तो पुढच्या खोलीतून बुटाची नाडी बांधत तिच्याकडे न बघता निघून गेला होता, आणि तिला वाटलं होतं, लाजला. ती पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सुकलेले ओठ, नाकाखाली बारीक लव. एवढ्याशा या तोंडातून तिचा नवरा तिच्याशी बोलत होता, आणि त्या नवऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

तिला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि लाजेत माणूस काहीतरी आवरायला घेतं तसं तिने खोली आवरायला घेतली. पायांकडे त्याचं जाकीट होतं. सकाळी निघताना पोरीला हुडहुडी भरली होती, म्हणून त्याने कामावरचं जाड जाकीट तिच्या पायांवर टाकलं होतं आणि तसाच गेला होता. त्याला ग्रीसचा वास. आता पोर तापलेली, जाकीट नको, म्हणून तिने ते उचललं, झटकलं, आणि खिशात काहीतरी कुरकुरलं. ती त्याच्या खिशात कधी हात घालत नसे. एकमेकांच्या वस्तूंना हात लावायचा नाही हाही त्या अबोल्याचाच एक कायदा. पण हा आवाज ओळखीचा होता. तिने हात घातला. गोळ्यांचं पाकीट, लाल. तिच्या फळीवर होतं ते निळं. लाल पाकिटातल्या बऱ्याच गोळ्यांच्या जागा फुटलेल्या, चांदीचा कागद फाटलेला. ती खिडकीपाशी गेली. मेणातल्या दाताची रेष बघायला वापरते तो भिंगाचा चष्मा लावला आणि बारीक अक्षरं वाचली. मग निळं पाकीट आणलं, त्याची वाचली. कंपनी वेगळी, रंग वेगळा, नाव वेगळं. आतलं औषध तेच.

काल सकाळपासून, ती मनात म्हणाली. का परवापासून? दर वेळी तो पोरीपाशी येऊन बसायचा तेव्हा ती मागच्या खोलीत असायची. ती जायची तेव्हा तो कामावर. तो येऊन बघणार, पोर तापलेली; मागच्या खोलीत दिवा लावून बायको दात बसवतेय; त्याने काय समजायचं? आणि तिने तरी काय समजायचं होतं, सफरचंद खिशात घालणाऱ्या माणसाने औषधही खिशात घातलं असेल असं? दोघंही आपापली माया करत होते, आपापल्या पाळीत, आणि मधली पोर दोघांच्याही गोळ्या गिळत होती. नको म्हणाली नसेल. कधी म्हणते ती नको?

"भिंगरी. ए भिंगरी, उठ. बाळा, बघ इकडे. बाबांनी तुला गोळी दिली? आज दिली? किती दिल्या?"

पोरीने डोळे किलकिले केले. तिच्याकडे पाहिलं, आणि त्या तापातसुद्धा तिच्या चेहऱ्यावर ती ओळखीची, शहाणी, समजूत घालणारी छटा आली. "नाही गं," ती म्हणाली. "बाबा म्हणाले... काळजी करू नको म्हणाले."

आत्ता या पोरीच्या बोलण्यावर सगळं अवलंबून होतं, आणि नेमका तिचाच शब्द धरून चालता येत नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती. ती तेच करत होती जे दोन वर्षं दोघांनी तिच्याकडून करवून घेतलं होतं, टोक बोथट करून पोचतं करायचं. "खरं सांग," ती म्हणाली, आवाज चढला, "मला खरं सांग!" पोर घाबरली आणि मग ती काहीही कबूल करायला तयार झाली. "दिली. नाही दिली. तू म्हणशील तसं, आई."

फोन टेबलावर प्लास्टरच्या तोंडांमध्ये होता. त्याचा नंबर त्यात होता. काढून टाकायचं कधी सुचलंच नव्हतं, वापरायचंही नाही. भिंगरीच तिच्या फोनवरून त्याला लावायची. ती बोटाने तो शोधत होती आणि डोक्यात एकच घोळ, पहिला शब्द काय बोलायचा? लग्न झाल्यापासून ती त्याला अहो म्हणायची. दोन वर्षांत तो शब्द तिने कुणाला वापरला नव्हता. तिकडे घंटा वाजत होती. उचलणार नाही. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरलेला असला तर उचलत नाही. उचल रे. उचला. घंटा थांबली, मागे कुठेतरी लोखंड घासल्याचा आवाज, आणि त्याचा आवाज आला, असा आवाज की तिने तो कित्येक दिवसांत ऐकला नव्हता, मऊ, हसरा. "हां, बोल माझी भिंगरी. उतरला का ताप?"

"मी आहे," ती म्हणाली.

तिकडचं लोखंडही थांबलं.

"अहो, तिला गोळ्या दिल्यात का तुम्ही? लाल पाकिटातल्या?"

"...दिल्या ना. का?"

"किती?"

"काय झालंय? आधी सांग काय झालंय तिला!"

"किती दिल्यात ते सांगा, कधी कधी ते सांगा. आठवा. नीट आठवा."

त्याने सांगितलं, अडखळत, मागेपुढे करत, काल सकाळी निघताना, दुपारी जेवायच्या सुट्टीत येऊन गेला तेव्हा, रात्री, आज पहाटे. मध्येच, नाही, रात्री दोन दिल्या, फार कण्हत होती म्हणून. ती आपल्या वेळा त्यात मिसळत गेली, कामाच्या टेबलावर बोटाने मेणात रेघा ओढत. शेवटी त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तू देत होतीस?"

"मी देत नसेन?"

"मला वाटलं कुणीच देत नाहीये. पोर म्हणाली, डॉक्टर म्हणाल्या काळजीचं काही नाही, झोपू द्या. मला कसं कळणार?"

"विचारायचं होतं."

"कुणाला?"

"या," ती म्हणाली आणि फोन ठेवला, आणि डॉक्टरीणबाईंना लावला.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सगळ्या वेळा पुन्हा विचारल्या, पोरीचं वजन विचारलं, ओकारी कधी झाली, पोटात उजवीकडे दुखतंय का. मग म्हणाल्या, "हे बघा, प्रमाणाबाहेर गेलंय, फार नाही, पण गेलंय. याचा मार यकृताला बसतो, आणि तो लगेच दिसत नाही, हीच तर त्याची खोड. आत्ता रक्त घ्यायला बाई पाठवते. गोळी एकही नाही. ताप चढला तर फडक्याने अंग पुसा. गुंगी वाढली, डोळे पिवळे वाटले, तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल. यावर औषध आहे, पण ते वेळेवर पडावं लागतं." आणि ठेवता ठेवता, जरा थांबून, "घरात दोघंच मोठे ना तुम्ही? दोघांना एकमेकांचं कळत नाही?" ती हो म्हणाली की नाही म्हणाली ते तिला नंतर आठवलं नाही.

तो आला तेव्हा रक्त घेणारी बाई पोरीच्या दंडाला रबर बांधत होती. दारात तो उभा, हातांना काळं, धापा टाकत. स्वतः लिफ्टवाला, आणि जिने चढून आला होता. सुई आत गेली तेव्हा भिंगरी म्हणाली, "दुखत नाही हं," आणि कुणाला म्हणाली ते कळलं नाही, दोघंही एकदमच "नाही, नाही" म्हणाली. बाई नळ्या घेऊन गेली. मग त्या मधल्या खोलीत पलंगाच्या इकडे ती आणि तिकडे तो, अशी ती तिघं उरली. या खोलीत दोघं एकाच वेळी शेवटचं कधी बसले होते? तिने आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्याने पोरीचा डोळा उघडून पांढरं बघितलं. तिने दुसरा बघितला. खिडकीतून पिवळंच ऊन येत होतं, सगळंच पिवळं दिसत होतं, चादर, भिंत, त्याचा काळवंडलेला अंगठा. तिने उठून पडदा ओढला. मग अंधारात नीट दिसेना म्हणून उघडला.

"दिवा लावू?" तो म्हणाला.

"लावा."

एवढंसं बोलणं, पण खोलीतली हवा अवघडली, नवीन पाहुणा आल्यासारखी. त्याने दिवा लावला. ती फडकं पिळायला लागली, त्याने पाणी बदलून आणलं, कोमट हवं होतं, त्याने गार आणलं, ती काही म्हणाली नाही, आणि मग तिला वाटलं, आता तर म्हणायलाच हवं. "कोमट लागतं," ती म्हणाली. तो परत गेला. स्वयंपाकघरात त्याने कुठलं तरी भांडं पाडलं, स्वतःशी काही पुटपुटला नाही. पोरीच्या काखेत, मानेला, पावलांना ती फडकं फिरवत राहिली. हे अंग तिने किती वर्षं असं हाताळलं नव्हतं. पोटऱ्या लांबल्या होत्या, नखांना जांभळा रंग लावला होता आणि तो अर्धा खरवडून काढला होता. कधी लावला? कुणासाठी लावला? ही मुलगी घरात दिवसभर बोलत असते, आणि तिने स्वतःचं असं शेवटचं काय सांगितलं होतं? केस दुखताहेत. तेवढंच आठवलं. बाकी सगळं बाबा म्हणाले आणि आई म्हणाली.

तिला वाटलं त्याला हे सांगावं, उशीवरची ती इकडून तिकडे वळणारी मान. त्यालाही काय काय पोचलं असेल, तिच्या नावावर? जेवण झाकून ठेवीन. त्याला ते खरं वाटून तो कधी उशिरा आला असेल, आणि ओट्यावर झाकलेलं काही नसताना उभा राहिला असेल? का पोरीनेच ठेवलं असेल झाकून? तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पोरीच्या तळव्याला कोमट फडकं लावत होता, एखाद्या यंत्राचा नाजूक भाग पुसावा तसं, आणि त्याच्या कानाच्या मागे केस पांढरे झालेले होते. ते तिने पाहिलेच नव्हते. रागावायला जावं तर राग सापडेना. आणि राग नाही म्हणजे जवळ आले असंही नव्हतं. रागाच्या जागी नुसती जागा होती, रिकामी. त्याच्याकडे बघून तिला जे वाटत होतं ते एखाद्या चांगल्या शेजाऱ्याबद्दल वाटावं तसं होतं. या विचाराची तिला भीती वाटली, इतकी की तिने तो घाईने घडी घालून ठेवला आणि फडकं पिळलं.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा बाहेर दिवे लागत होते. तिने तो दोघांना ऐकू येईल असा धरला. आकडे किंचित वाढलेले आहेत, बाई म्हणाल्या, पण किंचितच. घाबरण्यासारखं आत्ता नाही. सकाळी पुन्हा रक्त घ्यायचं, ते बघितल्याशिवाय मी तुम्हाला सुटलात असं म्हणणार नाही. रात्रभर कुणीतरी जागं राहा. झोपली तर अधूनमधून हाक मारा, ओ देतेय ना बघा.

फोन ठेवल्यावर त्याने मोठा श्वास सोडला आणि भिंतीला पाठ टेकली. तिनेही. खोलीभर सैलपणा पसरला, आणि त्या सैलपणात जुनी सवय मांजरासारखी परत येऊन बसली. त्याने पोरीच्या केसांतून हात फिरवला.

"भिंगरी," तो हळूच म्हणाला, "आईला सांग, रात्री मी बसतो. तिने पडावं जरा."

"बाबांना म्हणावं," तिच्या तोंडून गेलंच, ती अडवायच्या आत, "सकाळी कामावर जायचंय त्यांना. मी बसेन."

भिंगरीने डोळे उघडले. आता त्यांत मघाची गुंगी नव्हती. ती या बाजूला वळली नाही, त्या बाजूलाही नाही. दिव्याकडे बघत पडून राहिली, आणि मग घसा सुकला होता म्हणून एकदा गिळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघं वेगळे व्हा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याच्या नजरेत तिला स्वच्छ वाचता आलं, हे तू पाठवलंस? आणि तिच्या नजरेतही त्याला तेच दिसत असणार.

"कोण म्हणालं असं?" तिने विचारलं. "बाबा म्हणाले?"

"नाही."

"मग आई म्हणाली?" तो.

"कुणी नाही म्हणालं," भिंगरी म्हणाली. "मी म्हणतेय."